प्रवासाची गोळी आणि डोळ्यांवरची झांपड

मराठींत 'ऊन लागलें', 'ठेंच लागली', 'दृष्ट लागली' असें जसें म्हणतात, तसेंच 'गाडी लागली' असेंहि म्हणतात. कोंकणच्या किनाऱ्यानें आगबोटी चालत होत्या त्या काळीं 'बोट लागली' हा शब्दप्रयोग मुंबईच्या घराघरांत ऐकूं येई, आणि सुटीला गांवीं निघालेल्या कुटुंबाच्या सामानांत फराळाच्या डब्याइतकीच लिंबांची व आलेपाकाची पुडी आवश्यक मानली जाई. बोटी गेल्या, पण लागणें कांहीं गेलें नाहीं. आतां तें घाटांतल्या मोटारींत भेटतें. तिसरें-चौथें वळण येतांच मागच्या बाकावर बडबडणारें मूल एकाएकीं गप्प होतें, जांभया देऊं लागतें, त्याच्या कपाळावर घाम फुटतो, तोंडाला पाणी सुटतें. आणि जाणत्या आईला पुढें काय होणार तें कळून चुकतें.

या त्रासावर आज स्वस्त आणि बव्हंशीं गुणकारी औषध मिळतें. ॲव्होमिन या नांवानें ओळखली जाणारी प्रोमेथाझीनची गोळी महाराष्ट्रांतील किती तरी घरांत प्रवासाच्या पिशवींत असते. ती घेतली म्हणजे पोट शांत राहतें, पण डोळ्यांवर झांपड येते. सह्याद्रीची शोभा पाहावयाची म्हणून ज्यानें मुद्दाम खिडकीजवळची जागा धरलेली असते, तो घाट सुरू होण्यापूर्वींच मान टाकून घोरूं लागतो, आणि मुक्कामीं उतरल्यावरहि आपण चालतों आहों कीं तरंगतों आहों, हें त्याला नीट समजत नाहीं. वृद्ध माणसांना चक्कर येते तेव्हां ज्या गोळ्या दिल्या जातात, त्यांपैकींहि पुष्कळांची हीच कथा आहे. औषधाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत 'झोंप येण्याचा संभव' असा इशारा छापलेला असतो. तो वाचून माणसें समजतात कीं, ही गुंगी म्हणजे तांदळांत खडा राहून जावा तशी औषधांत राहून गेलेली एक खोट आहे. खरी गोष्ट अशी कीं, ज्या क्रियेनें ओकारी थांबते, बहुतांशीं त्याच क्रियेनें झोंपहि येते. तेव्हां 'या गोळीनें झोंप येईल काय?' हें विचारण्यांत फारसें स्वारस्य नाहीं. ती झोंप कोणाला परवडेल व कोणाला परवडणार नाहीं, हें मात्र अवश्य विचारलें पाहिजे.

गाडी लागते ती पोटाला, असें वाटतें. वस्तुतः ती कानाला लागते. कानाच्या अगदीं आंतल्या भागांत, शंखासारख्या श्रवणेंद्रियाला लागूनच, तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्यांत द्रव असतो, व मान जिकडे वळेल त्याप्रमाणें तो हलून मेंदूला वर्दी देतो. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १८८२ सालीं असें दाखवून दिलें कीं, बहिऱ्या-मुक्या लोकांपैकीं पुष्कळांना गरगर फिरविलें तरी घेरी येत नाहीं. कारण त्यांच्या कानांतील हें यंत्रच निकामी झालेलें असतें. मोटारींत गोष्टीचें पुस्तक वाचीत बसलेल्या मुलाचे डोळे मेंदूला सांगतात, 'आपण स्थिर आहों'. कान सांगतो, 'आपण वळतों आहों, उसळतों आहों.' अशा दोन परस्परविरुद्ध साक्षी एकदम येऊन पडल्या म्हणजे मेंदूचा गोंधळ उडतो व त्याचा शेवट ओकारींत होतो. म्हणूनच गाडी हांकणाऱ्याला सहसा गाडी लागत नाहीं. वळण येण्यापूर्वींच त्याला तें ठाऊक असतें. हा हांकणारा पुढें पुन्हा भेटणार आहे.

या गोंधळाला आवर घालणारें एक जुनें औषध धोत्र्याच्या कुळांतलें आहे. धोत्रा, खुरासनी ओवा इत्यादि वनस्पतींत हायोसीन नांवाचें द्रव्य असतें; त्यालाच स्कोपोलॅमिन असेंहि म्हणतात. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानच्या रस्त्यांवर वाटसरूंना अन्नांतून धोत्रा चारून बेशुद्ध करावयाचें व लुबाडावयाचें, असा धंदा करणारे लोक होते; इंग्रजी अमदानींतील न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत त्यांच्या हकीकती आल्या आहेत. प्रवाशाला लुबाडणाऱ्या त्याच विषाची अत्यल्प मात्रा पुढें प्रवाशाची सोबतीण झाली! ६ जून १९४४ रोजीं दोस्तांचें सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलें, तेव्हां खवळलेल्या समुद्रांतून सपाट बुडाच्या नावांनीं जाणाऱ्या ब्रिटिश शिपायांना हायोसीनच्या गोळ्या दिलेल्या होत्या. त्याच रात्रीं विमानांतून छत्र्यांच्या साह्यानें उड्या टाकणाऱ्या अमेरिकन सैनिकांनाहि विमान लागूं नये म्हणून गोळ्या देण्यांत आल्या, आणि पुढें त्यांच्यापैकीं कित्येकांनीं सांगितलें कीं, आयुष्यांतील सर्वांत भयंकर प्रवासांत त्यांना चक्क पेंग येत होती.

आजच्या गोळ्यांचा वंश मात्र दुसरीकडून आला आहे, आणि त्याचा शोध निव्वळ योगायोगानें लागला. १९४७ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या दवाखान्यांत, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात म्हणून एक गरोदर स्त्री येत असे. डॉ. लेस्ली गे व डॉ. पॉल कार्लायनर हे तेथें एका नव्या औषधाची परीक्षा पाहात होते. तें त्यांनीं तिला दिलें. पुढच्या खेपेस तिनें सहज एक गोष्ट सांगितली. ट्रॅममधून जातांना तिला नेहमीं मळमळत असे. पण ही गोळी घेऊन निघालें तर मुळींच मळमळत नाहीं! डॉक्टरांनीं तिला न कळत औषधाऐवजीं पोकळ गोळी दिली, तेव्हां ट्रॅम पुन्हा लागूं लागली. रोग्याचें बोलणें विषयांतर म्हणून मध्येंच तोडून न टाकणाऱ्या वैद्याला कधीं कधीं असें घबाड सांपडतें.

मग १९४८ च्या नोव्हेंबरांत 'जनरल बॅलू' नांवाचें सैन्यवाहू जहाज न्यूयॉर्कहून जर्मनींतील ब्रेमरहाफेन बंदराकडे निघालें, तेव्हां त्यावरील तेराशेंहून अधिक सैनिकांच्या सफरींत या औषधाची मोठी कसोटी घेण्यांत आली. हिंवाळ्याच्या तोंडचा अटलांटिक महासागर म्हणजे या कामीं परीक्षकच. कांहींना औषध दिलें, कांहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. आणि औषधाचा गुण निर्विवाद दिसून आला. हेंच तें ड्रॅमामाइन.

या ड्रॅमामाइनची घडणच मोठी बोलकी आहे. तें दोन द्रव्यांचें मिळून बनलें आहे. पहिलें डायफेनहायड्रामाइन, खाज व सर्दी यांवर चालणारें, पण हटकून झोंप आणणारें. दुसरें द्रव्य म्हणजे चहांत सांपडणाऱ्या थिओफिलिनचें भावंड. पहिल्यानें आणलेली झोंप दुसऱ्यानें घालवावी या हेतूनेंच ही जोडी जमविली होती. गोळीबरोबर चहाचा पेलाहि आंत घालून दिला होता म्हणा ना! पण झोंपेनें त्या पेल्याला फारशी दाद दिली नाहीं. ड्रॅमामाइन घेणारे लोक आजहि पेंगतातच. पुढें अमेरिकेच्या 'नासा' या अवकाशसंस्थेनें हायोसीनबरोबर डेक्स्ट्रोॲम्फेटामिन नांवाचें फार तीव्र उत्तेजक जोडून तोच डाव पुन्हा मांडला व तो बराचसा साधलाहि. परंतु व्यसन लावणारें तें उत्तेजक सहलीला निघालेल्या कुटुंबांत वाटण्याजोगें नव्हे.

झोंपेला गोळींतून हांकलून लावणें इतकें कठीण कां, याचें कारण हिस्टॅमिन या द्रव्यांत आहे. अंगावर गांधी उठतात, नाक गळतें, डोळे चुरचुरतात, त्याच्या मुळाशीं तें असतें. त्याला विरोध करणारें पहिलें द्रव्य १९३७ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत डॅनियल बोव्हे यांच्या हातून सिद्ध झालें; १९५७ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. पण हिस्टॅमिनचें काम केवळ कातडींत व नाकांतच चालतें असें नाहीं. मेंदूच्या तळाशीं असलेल्या एका लहानशा पेशीपुंजापासून तें सबंध मेंदूभर पसरत असतें, आणि तेथें त्याचें काम माणसाला जागें ठेवण्याचें. रात्रीं आळींतून 'होशियार' असा पुकारा करीत फिरणारा रखवालदार कित्येक श्रोत्यांना आठवत असेल. त्याच्यासारखेंच तें आहे. कानाकडून निघालेली गोंधळाची वर्दी ओकारीच्या केंद्रापर्यंत पोंचविण्यांतहि या हिस्टॅमिनचा वांटा आहे. गोळी मेंदूंत शिरते आणि रखवालदाराचें तोंड बंद करते. आरडाओरडा थांबतो, आणि त्याबरोबर पहाराहि थांबतो.

याचा पडताळा उलट बाजूनेंहि पाहतां येतो. सेटिरिझिन, लोरॅटाडीन, फेक्सोफेनाडीन या नव्या पिढींतल्या गोळ्या मेंदूंत फारशा शिरत नाहींत. त्यांनीं पेंग कमी येते किंवा येतच नाहीं, आणि शिंका व खाज यांवर त्या उत्तम. पण गाडी लागण्यावर त्यांचा उपयोग होत नाहीं. 'झोंप नको' म्हणून प्रवासाच्या गोळीऐवजीं सर्दीची नवी गोळी घेऊन निघालेल्या माणसाची घाटांत फसगत होते ती यामुळें.

तथापि प्रवासांतील सगळी पेंग गोळीच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. ग्रेबील व नेप्टन या दोघां संशोधकांनीं १९७६ सालीं दाखवून दिलें कीं, जांभया, सुस्ती, कशांत लक्ष न लागणें, कोणाशीं बोलूं नये असें वाटणें, हेंहि प्रवास लागण्याचेंच एक रूप आहे. कधीं कधीं मळमळ मुळींच न होतां एवढेंच होतें. पाळण्याला झोका देणाऱ्या आईला ही गोष्ट कोणत्याहि संशोधकापूर्वींच ठाऊक होती.

या गुंगीचा खरा धोका मात्र ती येते यांत नाहीं. ती आलेली कळत नाहीं, यांत आहे. आपल्याला झोंप येऊं लागली तर आपल्याला समजेल, असा प्रत्येकाचा भरंवसा असतो. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत खऱ्या मोटारीचा हुबेहूब भास निर्माण करणारें एक यंत्र होतें. त्यावर ४० चालकांची परीक्षा घेण्यांत आली, व तिचा वृत्तांत २००० सालीं प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला निरनिराळ्या दिवशीं डायफेनहायड्रामाइनची ५० मिलिग्रॅमची मात्रा, फेक्सोफेनाडीन, पोकळ गोळी आणि रक्तांत सुमारें ०.१ टक्का चढेल इतकें मद्य, असें पाळीपाळीनें देण्यांत आलें. भारतांतील कायद्यानें चालकाला जी मर्यादा घालून दिली आहे, तिच्या तिपटीहून हें प्रमाण अधिक आहे. निकाल काय लागावा? डायफेनहायड्रामाइन घेतलेल्या दिवशीं लोकांनीं गाडी सर्वांत वाईट हांकली. मद्य घेतलेल्या दिवसापेक्षांहि वाईट. आणि त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट ही कीं, 'किती झोंप येत आहे?' या प्रश्नाला चालकांनीं जीं उत्तरें दिलीं, त्यांवरून कोणाचें हांकणें बिघडणार, याचा अंदाज नीट बांधतां येईना. ज्याला आपण ताजेतवाने आहों असें वाटत होतें, त्याचाहि हात चुकत होता.

आतां मघाच्या हांकणाऱ्याकडे वळावयास हरकत नाहीं. पहांटे घरची मोटार निघावयाची आहे. मुलांना गोळ्या दिल्या जातात, आजींना दिली जाते, आणि मग प्रेमळ आग्रह होतो, "तुम्हीहि अर्धी घेऊन टाका, घाट आहे ना पुढें!" ज्याला गाडी लागण्याचा संभव सर्वांत कमी, आणि ज्याची डुलकी सर्वांना महाग पडावयाची, त्यालाच ही अर्धी गोळी मिळते. अर्धी म्हणजे निरुपद्रवी, अशी एक गोड समजूत आहे; तिला आधार नाहीं. त्यांतून सर्दी झाली म्हणून त्यानें रात्रीं खोकल्याचें औषध घेतलेलें असेल, तर त्यांत बहुधा क्लोरफेनिरामिन नांवाचें याच गोत्रांतलें द्रव्य असतें, व दोन गुंग्यांची बेरीज होते. मद्याशीं तर या गोळ्यांची गांठ कधींच घालूं नये.

प्रवाशाला मात्र झोंप आली तर आली. पण तीहि सोयीनें आणतां येते. प्रोमेथाझीनचा अंमल पुष्कळ तास टिकतो. म्हणून सकाळच्या प्रवासासाठीं ती आदल्या रात्रीं निजतांना घेतली, तर गुंगीचा भर बिछान्यांतच ओसरतो व घाटापुरता अंमल शिल्लक राहतो. मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेण्यांत अर्थ नसतो. पोटानें आपलें काम थांबविलेलें असतें, व गोळी तेथेंच पडून राहते. ज्याला उतरल्याबरोबर परीक्षेला किंवा मुलाखतीला बसावयाचें आहे, त्यानें अशी गोळी प्रथमच त्या दिवशीं घेऊं नये. आधीं एखाद्या सुटीच्या दिवशीं घरीं घेऊन पाहावी. दोन वर्षांखालील मुलांना प्रोमेथाझीन मुळींच देऊं नये, कारण त्यानें त्यांचा श्वास मंदावण्याचें भय असतें. मोठ्या मुलांपैकीं कांहीं याच गोळीनें झोंपण्याऐवजीं उलट बेफाम होतात, व आईबाप बुचकळ्यांत पडतात. पुढच्या बाकावर बसणें, दूर क्षितिजाकडे पाहणें, पुस्तक बंद ठेवणें, आल्याचा तुकडा चघळणें, या उपायांनीं थोडें-फार भागतें. आणि त्यांनीं झोंप येत नाहीं.

प्रवाशाची गुंगी एका दिवसाची. चकरेच्या रोग्याची गुंगी महिनेच्या महिने चालूं शकते, आणि म्हणून ती अधिक काळजी करण्यासारखी आहे. वयस्क माणसांत फार आढळणारी चक्कर अशी असते: पहांटे कूस बदलतांना किंवा फळीवरचा डबा काढण्यासाठीं मान वर करतांना सारी खोली गरकन् फिरते, आणि मिनिटाच्या आंत थांबते. कानांतील चुनखडीचे अतिसूक्ष्म कण जागा सोडून त्या अर्धवर्तुळाकार नलिकेंत शिरले म्हणजे असें होतें. आतां हे कण कोणती गोळी परत जागेवर नेऊन ठेवणार? जॉन एप्ली या अमेरिकन वैद्यानें १९९२ सालीं एक रीत विस्तारानें प्रसिद्ध केली. तींत रोग्याचें डोकें ठराविक क्रमानें वळवून ते कण नलिकेबाहेर सारले जातात. काम कांहीं मिनिटांचें, आणि पुष्कळांना एका-दोन बैठकींत आराम पडतो. असें असतां कित्येक रोगी चकरेच्या गोळ्या महिनोन्महिने घेत असतात. त्यांचे कण तेथेंच राहतात. मिळते ती फक्त पेंग.

दुसरी एक चक्कर एका बाजूच्या कानाच्या नसेला एकाएकीं सूज येऊन उद्भवते. पहिले दोन-तीन दिवस रोग्याला डोकें उचलतां येत नाहीं, ओकाऱ्या थांबत नाहींत. त्या वेळीं या गोळ्या खरोखर देवासारख्या धांवून येतात. पण नंतर मेंदूला उरलेल्या एका कानावर तोल सांभाळावयास शिकावयाचें असतें. त्यासाठीं थोडी चक्कर सोसून उठावें लागतें, चालावें लागतें. गोळी चालूच ठेवली, तर मेंदूला चूक जाणवत नाहीं व तो दुरुस्तीहि करीत नाहीं. चालावयास शिकणाऱ्या मुलाला कायम कडेवर घेऊन फिरावें, तसा हा प्रकार होतो.

शिवाय उतारवयांत सिनॅरिझीन व प्रोक्लोरपेराझीन या गोळ्या पुष्कळ दिवस घेतल्यास हात थरथरणें, अंग ताठरणें, पाऊल आखूड पडणें अशीं कंपवातासारखीं लक्षणें उत्पन्न होऊं शकतात. औषध थांबविल्यावर तीं बहुधा जातात, पण त्यालाहि महिने लागतात. मार्क बीअर्स या अमेरिकन वैद्यानें १९९१ सालीं वृद्धांना शक्यतों देऊं नयेत अशा औषधांची यादी तयार केली. तिची वेळोवेळीं सुधारून काढलेली आवृत्ति आजहि वापरांत आहे, व तींत प्रोमेथाझीन, डायफेनहायड्रामाइन, मेक्लिझीन हीं सर्व आहेत. रात्रीं लघवीला उठलेला वृद्ध माणूस या गुंगींत धडपडतो; चक्कर येऊन पडूं नये म्हणून दिलेल्या गोळीनेंच त्याचें खुब्याचें हाड मोडतें. बीटाहिस्टीन नांवाची गोळी या घोळक्यांत वेगळी आहे. तिनें सहसा झोंप येत नाहीं. मात्र मेनिएर या कानाच्या विकारांत जर्मनींत तिची काटेकोर परीक्षा झाली, तिचा निकाल २०१६ सालीं आला, आणि तींत ती पोकळ गोळीपेक्षां सरस ठरली नाहीं. झोंपहि नाहीं आणि खात्रीहि नाहीं, अशी तिची स्थिति आहे.

एखाद्या घरांत आजोबांची चक्कर आठवड्यांत थांबलेली असते. गोळी मात्र चौथ्या महिन्यांतहि चालूच असते, कारण ती थांबवावयाची आहे हें कोणी सांगितलेलें नसतें आणि कोणी विचारलेलेंहि नसतें. दुपारीं आरामखुर्चींत वर्तमानपत्र त्यांच्या हातांतून गळून पडतें. जेवतांना घांस हातांत तसाच राहतो. नातवंडांचीं नांवें सांगतांना ते अडखळतात. घरांतलीं माणसें हळूच एकमेकांना म्हणतात, "आतां वय झालें त्यांचें." अशा वेळीं घरांतील सगळ्या औषधांची पिशवी जशीच्या तशी उचलून डॉक्टरांपुढें रिती करावी, आणि यांतली कोणती गोळी कशासाठीं व किती दिवस, हें एकेक करून विचारावें. आपल्याच मनानें एकदम सगळें बंद करूं नये. डॉक्टर एखादी गोळी कमी करतात, एखादी काढून टाकतात. आणि कित्येक घरांत पुढच्या दोन-तीन आठवड्यांत असें आढळून येतें कीं, आजोबा वर्तमानपत्र पुन्हा शेवटच्या पानापर्यंत वाचूं लागले आहेत, व नातवंडांना त्यांच्या नांवानें हांका मारून बाजारभाव सांगत आहेत.